मोफत पाटीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील गणिताच्या बाई दुपारच्या सुट्टीत आमच्या कार्यालयात आल्या. हातात लॅपटॉप होता आणि चेहरा उतरलेला होता. टाळेबंदीच्या काळात त्यांनी सातवी ते नववीच्या वर्गांसाठी इंटरनेटवरील एका मोफत साधनात स्वाध्याय, प्रश्नमंजूषा आणि आकृत्या तयार करून ठेवल्या होत्या. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही दर वर्षी त्या त्यात भर घालीत असत. त्या दिवशी त्यांनी ते साधन उघडले, तर पडद्यावर दोन ओळींचा इंग्रजी निरोप होता : ही सेवा आता बंद झाली आहे. पूर्वसूचना आली होती म्हणे; परंतु शाळेच्या ज्या ईमेल पत्त्यावर ती आली, तो कित्येक महिन्यांत कोणी उघडलाच नव्हता.

"फादर, पाटी पुसली गेली तर पुन्हा लिहिता येतं," बाई म्हणाल्या. "इथं पाटीच उचलून नेली."

आम्ही त्यांचे सांत्वन केले. मात्र मनात खंत राहिली ती वेगळ्याच गोष्टीची. २०२० साली शिक्षकांच्या सभेत, 'हे साधन वापरा, ते फुकट आहे', असे मोठ्या उत्साहाने सांगणारे आम्हीच होतो. ते कोणी फुकट दिले, का दिले आणि किती दिवसांसाठी दिले, हे प्रश्न त्या वेळी आम्हांला सुचले नव्हते. सेमिनरीत असताना आम्हांला इतिहासाची गोडी लागली. कोणतीही संस्था आज अशी का आहे हे जाणून घ्यायचे तर तिच्या उगमापर्यंत जावे, ही सवय तेव्हापासूनची. त्याच सवयीने आम्ही या मोफत साधनांचा इतिहास वाचू लागलो. आपल्यापैकी अनेकांची मुले आणि नातवंडे आज याच साधनांवर शिकत आहेत. म्हणून त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शिक्षणाचे मोफत साधन ही कल्पना संगणकाबरोबर जन्माला आली, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या धूळपाटीवर शिकल्या. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने वा काडीने अक्षर गिरवावे, तळहाताने पुसावे आणि पुन्हा गिरवावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना पाहिले. त्यांच्यापाशी शिक्षक कमी आणि साहित्य त्याहून कमी. त्यांनी ती वाळू आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी व्यवस्था बसवली. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. पुढे 'मद्रास पद्धती' या नावाने ती इंग्लंडमधील गोरगरिबांच्या शाळांत पसरली. युरोपने हिंदुस्थानातील खेडेगावच्या शाळेकडून काही उचलल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांपैकी हे एक. आम्हांला त्यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट : बेल यांना वाळूसाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. वाळूला तेव्हा मालक नव्हता. (आज तिचेही लिलाव होतात, ही गोष्ट वेगळी.)

त्यानंतर दगडी पाटी आली, फळा आला, छापील पुस्तक आले. या प्रत्येकाला किंमत होती आणि ती कोणीतरी मोजत असे : पालक, सरकार, मिशन किंवा एखादा दानशूर. तो इतिहास आपल्याला परिचित आहे. आपण थेट १९९३ सालाकडे वळू, कारण त्या वर्षी अवघ्या तीन महिन्यांच्या अंतराने दोन निर्णय झाले आणि पुढे आपल्या मुलांच्या वर्गात काय येणार हे त्यांनी बऱ्याच अंशी ठरवले.

त्या काळी संगणकांच्या जाळ्यातून माहिती शोधण्याचे 'गोफर' नावाचे एक साधन लोकप्रिय होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने ते १९९१ साली तयार केले होते. विद्यापीठे, ग्रंथालये, सरकारी कचेऱ्या त्याचा वापर करीत. फेब्रुवारी १९९३ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की, गोफर चालवणाऱ्या काही वापरकर्त्यांकडून यापुढे परवाना शुल्क घेतले जाईल. शुल्क किती, कोणाकडून, याविषयी लोकांत संभ्रम झाला आणि ते बिचकले. त्याच सुमारास जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुविज्ञान संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी घडवलेले 'वर्ल्ड वाइड वेब' बाल्यावस्थेत होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने लेखी घोषित केले की, वेबची मूळ संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे, कोणीही ती वापरावी, बदलावी, वाटावी, शुल्क नाही. काही वर्षांतच गोफर मागे पडले आणि वेब जगभर पसरले. गोफर मागे पडण्याला इतर तांत्रिक कारणेही होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही एका संस्थेने दारावर पैसे मागितले आणि दुसरीने दारच काढून ठेवले, हा फरक लहान नव्हता.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक पाहिला होता तो बँकेत, काचेपलीकडून.

वेब खुले झाल्यावर आठ-दहा वर्षांत मोफत साधनांची मोठी लाट आली. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. २००१ च्याच एप्रिलमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एमआयटीने, आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य देण्याचे जाहीर केले. यातील मौज अशी की, इंटरनेटच्या युगात संस्थेने काय करावे याचा विचार करण्यासाठी प्राध्यापकांची एक समिती नेमली होती. शिक्षण विकून फारसे हाती लागणार नाही असे तिच्या ध्यानात आले आणि मग देऊनच का टाकू नये, असा सल्ला तिने दिला. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून 'एनपीटीईएल' या नावाने असेच कार्य हाती घेतले. ही सारी उच्च शिक्षणाची गोष्ट. शाळेच्या वर्गासाठी जी साधने झाली, त्यांच्या जन्मकथा आम्हांला अधिक हृद्य वाटतात.

मार्टिन दुगियामास हा मुलगा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी अंतर्भागात वाढला. जवळपास शाळा नव्हती. तिथल्या मुलांसाठी 'हवेतील शाळा' असे. म्हणजे शिक्षक दूरच्या गावातून रेडिओवर पाठ घेत आणि वह्या-पुस्तके विमानाने येत. हा मुलगा मोठा झाल्यावर पर्थमधील एका विद्यापीठात संगणक विभागात काम करू लागला. दूरच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी विद्यापीठ जी विकतची प्रणाली वापरीत असे, तिने त्याचे समाधान होईना. म्हणून त्याने स्वतः एक प्रणाली लिहिली आणि ऑगस्ट २००२ मध्ये 'मूडल' या नावाने ती जगाला देऊन टाकली. ज्याच्यापर्यंत शाळा विमानाने आणि ध्वनिलहरींनी पोहोचली, त्याने अशा कामात पडावे, यात आम्हांला तरी योगायोग दिसत नाही. मूडलचा विशेष असा की, शाळा ते स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊ शकते. पाठ, उत्तरपत्रिका, गुण सारे शाळेच्या कपाटात राहते, परक्याच्या नव्हे.

दुसरी कथा सलमान खान यांची. (चित्रपटांतले नव्हेत. हे गृहस्थ बांगलादेशी वडील आणि बंगालमधील आई यांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले.) बोस्टनमध्ये ते गुंतवणुकीच्या धंद्यात होते. २००४ साली दूर न्यू ऑर्लिन्स येथे राहणाऱ्या नात्यातील एका बहिणीला गणित जड जाते म्हणून ते फोनवरून आणि संगणकावरून तिची शिकवणी घेऊ लागले. मग इतर भावंडेही आली. सर्वांच्या वेळा जुळेनात, तेव्हा २००६ पासून ते पाठ ध्वनिचित्रित करून यूट्यूबवर ठेवू लागले. अनोळखी मुलांची पत्रे येऊ लागली. २००९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि काही महिने घरातील शिलकीवर काढले. २०१० मध्ये गेट्स प्रतिष्ठान आणि गुगल यांच्या देणग्या मिळाल्या, तेव्हा 'खान अकॅडमी'चा संसार मार्गी लागला. म्हणजे हे साधन मुलांना मोफत आहे, परंतु त्याचा खर्च देणगीदार उचलतात. आमच्यासारख्या, चर्चच्या दानपेटीवर आणि उपकारकर्त्यांवर संस्था चालवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

येथे आम्हांला आपल्या भाषेचे कौतुक करावेसे वाटते. 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द मराठीपाशी आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तेथील मुक्त संगणकप्रणालीच्या पुरस्कर्त्यांना गेली चाळीस वर्षे खुलासे करीत बसावे लागले आहे. मोफत वस्तूला दाम पडत नाही, एवढेच. मुक्त वस्तू आपण घरी नेऊ शकतो, तिची प्रत काढू शकतो, ती दुरुस्त करू शकतो, आपल्या भाषेत आणू शकतो आणि शेजाऱ्याला देऊ शकतो. डिसेंबर २००२ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने लेखक आणि शिक्षक यांच्यासाठी तयार परवाने प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत सैल परवाना एवढेच मागतो की, मूळ कर्त्याचे नाव राहू द्या. त्याच वर्षी युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा रूढ झाली. आमच्या बाईंचे साधन मोफत होते, मुक्त नव्हते. हा भेद २०२० च्या त्या सभेत आम्हांला ठाऊक असता, तर!

या भेदाची खरी परीक्षा पुढे झाली. २००२ साली, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाल्याच्या पुढच्याच वर्षी, कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. यात मूल पडद्यावर विजेचे मंडल जोडते, दिवा पेटतो. तार तोडते, दिवा विझतो. लंबकाची दोरी लांबवते, तर झोका संथ होतो. ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या नावाने दोन परीक्षानळ्या आणि एक गंजलेला तराजू आहे, तिला याचे मोल विचारावे. या खेळण्यांची भाषांतरे जगभरच्या स्वयंसेवकांनी केली; काही मराठीतही आहेत. परंतु त्यांतील कित्येक खेळणी 'फ्लॅश' नावाच्या तंत्रावर चालत आणि फ्लॅशची मालक होती अडोबी ही कंपनी. २०१७ मध्ये तिने जाहीर केले की, २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद होईल. सुरक्षेच्या दृष्टीने ते तंत्र खरोखरच जुनाट झाले होते. कंपनीला सर्वस्वी दोष देता येत नाही. फेटच्या मंडळींनी आपली खेळणी नव्या, सर्वांसाठी खुल्या तंत्रात पुन्हा लिहिण्यास आधीच प्रारंभ केला होता. एमआयटीतून २००७ मध्ये आलेला, लहान मुलांना संगणकाची भाषा शिकवणारा 'स्क्रॅच' जानेवारी २०१९ मध्ये नव्या वेशात आला. ज्यांच्यापाशी माणसे आणि पैसा होता, ते तरले. परंतु कोण्या एकट्या शिक्षकाने रात्री जागून केलेले हृदयाच्या झडपांचे किंवा चंद्रकलांचे हलते चित्र पुन्हा कोणी लिहावे? ३१ डिसेंबर २०२० नंतर अशी असंख्य चित्रे मुकी झाली. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने त्यांपैकी काही जतन करून पुन्हा हलती केली, हे तिचे उपकार. आणि हे घडले कधी, तर ज्या वर्षी जगातील शाळा बंद होत्या आणि मुलांपुढे पडद्यावाचून दुसरा वर्ग नव्हता, नेमके त्याच वर्षी.

बंद पडलेल्या साधनांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. तरी दोन-तीन नावे नोंदवतो. शिक्षक आपल्या वर्गाची सामायिक वही चालवीत ते 'विकिस्पेसेस' २०१८ मध्ये आटोपले. २००८ पासून जगभर शाळांतून चाललेले 'एडमोडो' सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले. टाळेबंदीत अनेक वर्गांचा फळा झालेला गुगलचा 'जॅमबोर्ड' २०२४ च्या अखेरीस गेला. आमच्या बाईंचे साधन यांपैकी नव्हते. कोणीही कपट केले असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी कायमचे देऊ असे कधी म्हटलेच नव्हते. ते आम्ही मनाशी धरले होते.

याच्या उलट 'जिओजेब्रा'ची कथा पाहा. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१-०२ च्या सुमारास आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हे साधन घडवले. पडद्यावर त्रिकोण काढावा आणि त्याचा एक शिरोबिंदू बोटाने ओढावा. त्रिकोण ताणतो, आकसतो, तिरपा होतो. कोनांची मापे बदलत राहतात, परंतु बेरीज १८० वरून हलत नाही. आम्ही शाळेत असताना हे प्रमेय पाठ केले होते. पन्नाशी ओलांडल्यावर त्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसून आम्ही ते प्रथम 'पाहिले', हे कबूल करण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये हे साधन भारतातील बायजूज या कंपनीने विकत घेतले. त्या वेळी बायजूजचा डंका सर्वत्र वाजत होता. क्रिकेटपटूंच्या अंगरख्यावर तिचे नाव होते. २०२४ साली तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. जिओजेब्राचे काय होणार, या चिंतेने जगातील गणित शिक्षकांना ग्रासले असल्यास नवल नाही. परंतु जिओजेब्राची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली कधीच प्रसिद्ध झालेली होती. मालक बदलला, मालक कर्जात बुडाला, तरी ज्याने ते आपल्या संगणकावर उतरवून घेतले होते त्याचा त्रिकोण हलत राहिला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पाठ्यपुस्तकातील धड्याशेजारी जो काळा-पांढरा चौकोन असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात, हे आता आजीबाईंनाही ठाऊक झाले आहे, कारण मासळीबाजारातही तो टांगलेला असतो. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ साली तो शोधून काढला. पेटंट कंपनीकडे होते. परंतु ते हक्क वापरून पैसे मागणार नाही असे तिने ठरवले. तसे नसते, तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षकाला तो हाताळता आलाच नसता. रणजितसिंह डिसले यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांवर हे चौकोन चिकटवले; फोन धरला की कविता ऐकू यावी, धड्याचे चित्रण दिसावे, गृहपाठ मिळावा. २०१७ मध्ये राज्य शासनाने ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वृत्तपत्रांनी त्या रकमेचेच अधिक कौतुक केले. आम्हांला त्या चौकोनामागची साखळी अधिक मोलाची वाटते : जपानमधील एका कारखान्याने हक्क सोडला, तेव्हा माढा तालुक्यातील मुलांना कविता ऐकू आली.

त्याच २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले आणि पुस्तकांतील चौकोन त्याला जोडले गेले. बालभारतीची पुस्तकेही तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. किती पालकांना हे माहीत आहे, कोण जाणे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने मुक्त संगणकप्रणालींचे पाठ मराठीतही ध्वनिमुद्रित केले. आणि पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता! आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करायला त्यांनी आयुष्यभर शिकवले आणि त्यांची कृती, चित्रफिती व हजारो पुस्तके आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवली. त्यांत मराठी पुस्तके पुष्कळ आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गुप्तांचे खेळणे पाहायला पडदा लागतो, परंतु करायला कचऱ्याचा डबा पुरतो. धूळपाटीचे सर्वांत जवळचे वंशज कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही याकडे बोट दाखवू.

मराठीचा मुद्दा आम्ही मुद्दाम पुन्हा काढतो. आमच्या धर्मग्रामातील मुले घरी सामवेदी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि मोफत साधन उघडतात ते बहुधा इंग्रजीत बोलू लागते. खान यांचे इंग्रजी पाठ कितीही सुरेख असोत, सातवीतील मुलीला त्यातील निम्मे कळते आणि उरलेल्या निम्म्याला ती मान डोलावते. साधन मुक्त असेल तरच त्याला आपली भाषा बोलायला शिकवता येते, आणि ते शिकवणारा माणूस आपल्यातूनच यावा लागतो.

टाळेबंदीत आणखीही एक गोष्ट उघडी पडली. साधन फुकट होते, फोन फुकट नव्हता. २०२० च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ मध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. दोन वर्षांत एवढी वाढ, याचा अर्थ कित्येक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतला. आमच्याकडे तीन भावंडांत एक फोन आणि तोही वडील कामावरून परतल्यावर, अशी घरे पुष्कळ होती. निर्बंध सैल झाल्यावर आम्ही चर्चच्या सभागृहातील इंटरनेट मुलांसाठी खुले केले. ऑर्गनजवळ जोडणी चांगली मिळते असा शोध मुलांनीच लावला आणि महिनाभर तिथे बाके टाकून आठवीचा वर्ग भरला.

दाम न घेणारे कधी कधी दुसऱ्याच नाण्यात दाम घेतात, हेही सांगितले पाहिजे. मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने, महासाथीच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासून अहवाल काढला. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के साधने मुलांवर पाळत ठेवीत होती, किंवा ठेवू शकत होती. मूल कुठे राहते, काय पाहते, कोणाशी बोलते, ही माहिती जाहिरातदारांपर्यंत जाण्याची वाट त्यांत होती. आपल्या देशात २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरली. मात्र 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवणारे पालक आपणच. २०२२ च्या नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीसारखी, विचारले ते लिहून देणारी साधनेही मुलांच्या हाती मोफत आली आहेत. तो विषय स्वतंत्र लेखाचा. येथे इतकेच, की तेही कोणाच्या तरी पैशावर चालले आहे.

असो. आमच्या शाळेत पुढे काय झाले ते सांगतो. एका धर्मग्रामस्थाने आपल्या कचेरीतील जुना संगणक दिला. जगात अशीही मंडळी आहेत की ज्यांनी इंटरनेट नसलेल्या शाळांचाच विचार केला : 'किविक्स' या साधनाने विकिपीडियाची पूर्ण प्रत संगणकात साठवता येते आणि 'कोलिब्री' या साधनाने पाठ व स्वाध्याय शाळेतल्या शाळेत मुलांपर्यंत पोहोचतात. आमच्याच धर्मग्रामातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने दोन शनिवार खर्चून ही दोन्ही साधने, मराठी विकिपीडिया आणि जिओजेब्रा त्या संगणकावर बसवली. मुसळधार पावसात इंटरनेट गेले तरी आता वर्ग थांबत नाही. वीज गेली तर थांबतो. त्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.

बाईंनी आपले स्वाध्याय पुन्हा करायला घेतले आहेत. जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून काही प्रश्न परत मिळाले, काही त्यांना आठवले. सातवीचे पूर्ण झाले, आठवीचे अर्ध्यावर आहे. दर शनिवारी शाळा सुटली की त्या कार्यालयात येतात. आमच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्यांच्या शेजारी एका लहानशा डबीत त्यांचा पेन ड्राइव्ह असतो. त्या आठवड्याचे काम त्यात उतरवतात, डबी जागेवर ठेवतात आणि किल्ली आमच्या हाती देतात. गेल्या शनिवारी त्या नोंदवह्यांकडे पाहून म्हणाल्या, "फादर, ह्या किती वर्षांच्या?" आम्ही सर्वांत खालची वही काढून त्यांना पहिले पान दाखवले.